खाणीजवळचा व्हाळ आणि सडा: झाडं मोजायची की काठ धरायचा?

व्हाळकाठी | ९ मे

मंडळी, बागकाम विभागात टाकणार होतो, पण हा विषय कुंडीत मावणारा नाही म्हणून इथे.

डिचोली आणि सत्तरीच्या सीमेवर माझी छोटी नर्सरी आहे. सुपारी, मिरी, काजूची कलमं, लग्नसराईत शोभेच्या कुंड्या. गेल्या महिन्यात एका खाणीच्या ठेकेदाराच्या ठेकेदाराकडून (हो, असंच असतं) काम आलं. खाणीचं नाव विचारू नका, सांगणार नाही. ट्रकांचा रस्ता रुंद करताना आणि मोरी घालताना त्यांनी व्हाळाचा (ओढ्याचा) साधारण १८० मीटर काठ खरवडून काढलाय. वर सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) वर्कशॉपसाठी अर्धा हेक्टर सपाट केला होता, ती शेड आता दुसरीकडे हलवली. दोन्ही जागा 'पूर्ववत' करून द्यायच्या.

वर्क ऑर्डरमध्ये काय आहे ते ऐका: झाडे २,५००, उंची किमान ३ फूट, तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत. संपलं. कुठली झाडं, काठावर किती, सड्यावर किती, काही नाही. बिल झाडागणिक.

काल बघून आलो. काठ म्हणण्यासारखं काही उरलेलंच नाही. पुरुषभर उंचीची लाल भिंत आहे, बोट लावलं की भुगा सांडतो. पूर्वी तिथे शेरणीची झुडपं होती, केवडा होता, दोन जुने उंबर होते. त्यातला एक आडवा पडलाय आणि पडल्या पडल्या त्याला पालवी फुटलीय. शेजारच्या आजी म्हणाल्या, "त्या कोंडीत, डोहात, आम्ही कपडे धुवायचो, खेकडे पायाला गुदगुल्या करायचे."

सड्यावर तर डोकंच चालेना. तिथे मुळात झाडं नव्हतीच! जांभ्याचा कातळ, चार बोटं माती, पावसात गवत आणि फुलं, मे महिन्यात टक्कल. तिथे १,५०० झाडं लावायचा त्यांचा बेत आहे. ब्रेकरनं खड्डे मारून देतो म्हणतात.

पाऊस चार आठवड्यांवर आलाय. घाटाच्या पायथ्याला आमच्याकडे साडेतीन-चार हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा जून चुकला की वर्ष गेलं. काय करू?

शेणसडा | ९ मे

२,५०० अकेशिया. तीन वर्षांनी जंगल. बिल पास. पुढचा प्रश्न विचारा.

सडेफिरस्ता | ९ मे

शेणसडा, गंमत कळली. पण गोव्यातल्या डंपांवर, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगांवर, वर्षानुवर्षं हेच झालंय. ऑस्ट्रेलियन अकेशिया, सुरू, काजू. अकेशियाचा दोष इतकाच की ती फार गुणी आहे. नत्र स्वतः धरते, दगडात वाढते, गुरं तोंड लावत नाहीत. पण खाली वाकून बघा. तिची ती जाड 'पानं' (खरी पानं नव्हेतच, चपटे झालेले देठ) लवकर कुजत नाहीत. वीतभर थर साचतो आणि त्याखाली काही रुजत नाही. लांबून जंगल, जवळून चटई.

व्हाळकाठी, सड्यावर झाड लावू नका, हात जोडतो. सडा म्हणजे उजाड झालेलं रान नव्हे. तो तसाच असतो, शतकानुशतकं तसाच आहे. जूनमध्ये कातळावरच्या खळग्यांत पाणी साचतं, मग गवत येतं, ऑगस्टमध्ये सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सगळं बी टाकून मोकळं. चार महिन्यांचा संसार. ब्रेकरनं खड्डे मारलेत तर तो कातळ फुटेल, खळग्यातलं पाणी खाली जाईल आणि उरलासुरला सडाही जाईल.

एक विचारतो. सपाट करताना वरची माती कुठे टाकली? तिचा ढीग शोधा. तुमचं सगळं बी त्यात आहे.

कुदळफावडे | १० मे

मी रस्त्यांची कामं करतो, झाडांतलं फार कळत नाही. पण तुझा फोटो पाहिला (खाजगी निरोपातला) आणि सांगतो, तू रोपांचा विचार सध्या सोड. आधी पाणी.

त्या भिंतीच्या डोक्यावर ट्रकांचा रस्ता आहे ना? सगळ्या रस्त्याचं पाणी एका जागी गोळा होऊन मोरीतून धाडकन व्हाळात पडणार. तिथे वाळा लाव, बांबू लाव, सोन्याची झाडं लाव, पहिल्या मोठ्या सरीला सगळं खाली कोणाच्या तरी शेतात. क्रम असा धर. रस्त्याला दर ३०-४० मीटरवर आडवा उंचवटा, पाणी तुकड्या-तुकड्यानं बाहेर. ते थेट व्हाळात न सोडता सेटलिंग पाँडमध्ये, म्हणजे गाळ खाली बसायच्या तळ्यात. मोरीच्या तोंडाशी मोठे दगड, एकात एक अडकवून, सिमेंट न लावता. मग भिंत तासून उतार दोनास एक कर (आडवं दोन, उभं एक). खाणींच्या पर्यावरण मंजुरीत डंपाचा एकूण उतार २८ अंशांच्या आत ठेवा म्हणतात, दोनास एक म्हणजे त्याच्याही आत आलास. आणि पायथा. पायथा धरला नाही तर वरचं काहीही धरून उपयोग नाही.

मजुरांना सांग, जेसीबीवाल्यानं उतार गुळगुळीत करून दिला की शाबासकी देऊ नका. दातांच्या आडव्या रेघा राहू देत. बी आणि माती तिथेच अडकते.

व्हाळकाठी | १० मे

@सडेफिरस्ता, ढीग सापडला! शेडमागे, दीड पुरुष उंच, वर रानमोडीचं रान माजलंय. तीन वर्षं पडून आहे म्हणतात.

@कुदळफावडे, रस्ता माझ्या हातात नाही. पण बोलून बघतो.

पर्थकर | ११ मे

तीन वर्षं आणि एवढा उंच म्हणजे आतली माती बहुतेक मेलेली असणार. हवा नाही, बुरशी नाही, बी कुजलेलं. तरी वरचा आणि कडेचा थर वापरण्याजोगा असेल, तो वेगळा काढा.

मी ऑस्ट्रेलियात पर्थला राहतो, तिथून जवळच डार्लिंग रेंजमध्ये बॉक्साइटच्या खाणी आहेत. तोही जांभाच, म्हणून लिहितोय. १९६० च्या दशकापासून खाणकाम चालू आहे. सुरुवातीला बाहेरची झाडं लावली, नंतर शहाणपण आलं. आता एका खड्ड्याची वरची माती काढली की साठवायची नाही, शेजारच्या भरून झालेल्या खड्ड्यावर थेट पसरायची. बी वरच्या पाच-एक सेंटिमीटरमध्येच असतं, म्हणून तो थर वेगळा खरवडतात. धुराच्या पाण्यात भिजवलेलं बीही पेरतात, कारण तिथलं रान वणव्याला सरावलेलं. (हे सड्यावर करू नका! तिथला न्याय इथे नाही.) त्यांच्या कामावरही इथे भरपूर वाद आहेत, जंगल परत आलं का यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. पण ताज्या मातीबद्दल कोणी भांडत नाही.

तुमच्याकडे अजून कुठे सड्याची माती काढायचं काम चालू आहे का? असेल तर ती घ्या.

ऊन४७ | ११ मे

आमच्या नागपूरकडचं एक उदाहरण टाकून ठेवतो. सावनेर तालुक्यातल्या गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काम केलंय. साखर कारखान्यातली मळी, म्हणजे रस गाळल्यावर उरतो तो चिखल, ढिगात मिसळला. रोपांच्या मुळांना रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी लावली. मग साग, शिसम, कडुलिंब. ज्या ढिगावर कुसळ उगवत नव्हतं तिथे झाडं उभी राहिली.

बुरशीचं महत्त्व तुमच्या लाल मातीत जास्तच आहे. लोहामुळे स्फुरद बांधलं जातं, डीएपी कितीही ओता, मुळाला मिळत नाही. बुरशी ते खेचून आणते. पण बाजारातली पाकिटं घेण्यापेक्षा जवळच्या धडधाकट करंजाखालची दोन घमेली माती आणून रोपांच्या मिश्रणात टाका. फुकटचं काम.

सडेफिरस्ता | ११ मे

ऊन४७, काठासाठी पूर्ण सहमत. सड्यासाठी नाही. सड्यावर मळी, शेणखत, काहीही टाकू नका. ती माती उपाशीच असते आणि तिथली वनस्पती उपाशी राहायला शिकलेली. खत टाकलंत की रानमोडी आणि घाणेरी जिंकली. आणि घमेलंभर माती देवराईतून उचलू नका. तिथलं पानसुद्धा गावाला विचारल्याशिवाय हलवायचं नसतं, ते बरंच आहे.

मीनमेख | १२ मे

मला एक कळत नाही. आपण सगळे मिळून खाणवाल्याला फुकट सल्ला देतोय. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड उपसणारे लोक हे. काठ खरवडताना कोणाला विचारलं होतं? आता १८० मीटर हिरवं करून फोटो काढतील आणि पुढचा सडा फोडतील. जुलै २०२१ मध्ये सिंधुदुर्गातल्या कळण्यात खाणीत साठलेलं पाणी फुटून चिखलासकट वस्तीत आणि बागायतीत घुसलं, ते दिसलं ना सगळ्यांना? व्हाळकाठी, राग मानू नका, पण तुम्ही त्या फोटोतला माणूस होताय.

व्हाळकाठी | १२ मे

राग नाही. झोप मात्र गेली हे वाचून.

सांगू का, हे काम मी नाही घेतलं तर तो २,५०० अकेशियावाला घेणार आहे, त्याचा टेंपो उभाच आहे. आणि त्या व्हाळाच्या खाली माझ्या मावशीचं कुळागर (पोफळीची बाग) आहे. पाटाला पाणी लाल येतं म्हणून तिनं दोन वर्षं पोफळींना टँकरनं पाणी घातलं. खाण हवी की नको हे माझ्या हातात कोणी दिलेलं नाही. काठ दिलाय.

कलमबहाद्दर | १२ मे

भांडण थांबवा, कागद बघा.

८ जानेवारी २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, कॉमन कॉज प्रकरणातला. खाणकाम संपल्यावर पट्टेदारानं खाणीच्या जागेत, शिवाय खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेतही, स्वतःच्या खर्चानं पुन्हा गवत लावायचं. जमीन चाऱ्याला, वनस्पतींना, प्राण्यांना लायक करून द्यायची. मग पर्यावरण मंत्रालयानं ती अट म्हणून घालायला सुरुवात केली. तुझी खाण चालू आहे म्हणून तो आदेश आजच तंतोतंत लागेल असं नाही. पण 'गवत' हा शब्द देशातल्या सर्वात मोठ्या कोर्टानं वापरलाय. तुझ्या वर्क ऑर्डरमध्ये तो नाही, ही खरी अडचण आहे. तू पंधरा दिवस गवत लावलंस तर बिलात त्याला ओळच नाही!

तेव्हा खाणीच्या साहेबाला तीन गोष्टी विचार, लेखी. त्यांच्या मंजुरीत वरच्या मातीबद्दल काय अट आहे? क्रमिक खाणबंदी आराखड्यात (खाण टप्प्याटप्प्यानं बंद करायच्या योजनेत) या दोन जागा कशा दाखवल्यात? (२००३ पासून असा आराखडा लागतोच.) आणि दर सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल, जो त्यांना संकेतस्थळावर टाकावा लागतो, त्यात हा काठ आहे का? चौथा प्रश्न विचारू नकोस. तीनमध्येच खुर्ची सरसावून बसतात.

व्हाळकाठी | २० मे

अपडेट. भेटलो. साहेब खाणीच्याच पर्यावरण विभागातले, तरुण, मूळचे घाटावरचे. सडा म्हणजे काय हे त्यांनाच माहीत नव्हतं, त्यांना वाटलं पडीक जमीन. मोबाईलवर ऑगस्टमधला फोटो दाखवला, निळ्या फुलांनी भरलेला. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पण झाडांची संख्या वर कळवून झालीय."

तडजोड अशी ठरली: २,५०० चा आकडा कायम, पण सगळी झाडं काठावर आणि काठाच्या मागच्या उतारावर. सड्यावर एकही नाही. शेरणी, निर्गुडी, वाळुंजाची छाटं 'झाड' म्हणून धरायची. तीन फुटांची अट छाटाला लावली तर माझंच भलं, तीन फुटी खुंटा मारतो! काथ्याची जाळी वेगळ्या ओळीत मंजूर. गवताची ओळ अजून नाही. 'इतर कामे' यात घुसवतो म्हणाले.

रस्त्यावर उंचवटे घालायला मात्र नकार. ट्रकांचा वेग कमी होतो.

कुदळफावडे | २० मे

मग जुलैमध्ये भेटू.

व्हाळकाठी | ८ जून

काम सांगतो, ज्यांना कधी करावं लागेल त्यांच्यासाठी.

पायथ्याला गुडघाभर खोल चर खणून मोठे दगड. त्याच्यामागे निर्गुडीच्या फांद्यांचे भारे, मांडीइतके जाड, सुंभानं बांधून आडवे पुरले. त्यावर चौरस मीटरला ७०० ग्रॅमची काथ्याची जाळी, बांबूच्या खुंट्यांनी ठोकलेली. ती दोन-तीन वर्षांत कुजते, तोवर मुळांनी जबाबदारी घ्यायची.

पाण्यालगत शेरणी. पुरात आडवी पडते, ओसरला की उठते. तिच्यामागे वाळुंजाचे आणि उंबराचे खुंटे, जाळीतून आरपार ठोकून. कामाला आलेले तिघेही गावचे, त्यांना हे शिकवावं लागलं नाही. वई (कुंपण) घालताना मोईचे, पांगाऱ्याचे खुंट मारतो तसंच की, एवढंच म्हणाले. टोक तिरकं, डोळे वर, दोन तृतीयांश जमिनीत. एक खुंटा उलटा गेला तो माझा होता.

वरच्या अंगाला करंज, जांभूळ, ताम्हण, किंजळ, आणि भरभर सावली धरायला चांदाडा. मधल्या पट्ट्यात वाळा. आडवा पडलेला उंबर तसाच ठेवला. साहेब म्हणाले कापून न्या, दिसायला वाईट. त्याच्याआड गाळ अडतो हे दाखवलं, मग गप्प.

सड्यावर: पर्थकरांचं ऐकलं. शेजारीच नव्या वजनकाट्यासाठी कातळ साफ करत होते. तिथली माती त्यांनी उचलली त्याच दिवशी दोन ट्रॉल्या आणून चार बोटं जाडीनं पसरली. जुन्या ढिगातली फक्त वरची, तीही एका कोपऱ्यात, तुलना करायला. शेडचं सिमेंट खरवडून काढलं, खळगे मोकळे केले. खत नाही.

शेणसडा | ८ जून

खत नाही म्हणजे माझं नाव उगाच गेलं.

व्हाळकाठी | १९ जुलै

कुदळफावडे, जिंकलात.

परवा रात्री मोरीतून पाणी आलं ते उभं आलं. खालचे १२ मीटर गेले. जाळी, भारे, खुंटे, सगळं. जाळीचा एक तुकडा मावशीच्या पाटात सापडला. बाकीचा काठ धरून आहे. शेरणी आडवी झालीय, उठेल.

साहेब सकाळी छत्री घेऊन आले. मी काही बोललो नाही. दोन बाटल्या भरल्या, एक मोरीच्या वरची, एक खालची, आणि त्यांच्या टेबलावर ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी फोन आला. म्हणाले, खालच्या बाटलीत तळाला दोन बोटं लाल बसलंय, वरच्यात नखभर. उंचवट्यांचं बघतो.

मीनमेख | १९ जुलै

बाटल्यांचा फोटो टाका.

व्हाळकाठी | ३ सप्टेंबर

उंचवटे झाले. तीनच, पाच सांगितले होते. मोरीच्या तोंडाशी दगड बसवले, कुदळफावडे यांनी फोनवर बसून सांगितले तसे. त्यानंतर दोन मोठे पाऊस झाले, नवीन पडझड नाही.

गुरांनी वाळा सोडून सगळ्याला तोंड लावलं. गवे एकदा येऊन गेले, ताम्हणाची वीस-पंचवीस रोपं मोडली. कुंपण फक्त काठाच्या वरच्या अंगाला घातलंय, व्हाळात पाणी प्यायला वाट ठेवली. नाहीतर लोकांनीच तार कापली असती.

सड्यावर ताज्या मातीच्या भागात गवत गुडघ्याला आणि त्यात सीतेची आसवं! फार नाहीत, हातभर जागेत दहा-बारा. जुन्या ढिगाच्या कोपऱ्यात रानमोडी आणि तरोटा. फरक इतका सरळ की पट्टी ठेवून रेघ मारावी.

सडेफिरस्ता | ३ सप्टेंबर

रानमोडी फुलायच्या आत उपटा, नोव्हेंबरच्या आधी. मुळासकट. आणि दिवाळीनंतर शेजारच्या सड्यावरचं गवत पिकलं की कापून त्या कोपऱ्यावर बीसकट पसरा. कापायचं, गोळा करून झाडायचं नाही.

व्हाळकाठी | १४ ऑक्टोबर

मोजणी झाली. त्यांचा माणूस वही घेऊन आला. वाळुंजाचे खुंटे १० पैकी ७ फुटलेत, उंबर त्याहून बरा, करंज जवळजवळ सगळे. ताम्हण वाईट. सड्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, इथे तर काहीच लावलेलं नाही. मी म्हटलं, खाली बसा. बसला. मग 'इतर कामे' या ओळीत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: गवत, ०.५ हेक्टर.

पैसे अजून आलेले नाहीत.

आजींना कोंडीपाशी नेलं होतं. खेकडे नाहीत म्हणाल्या. पाय घालून बघितले.

ऊन४७ | १५ ऑक्टोबर

येतील. वाळुंजाची छाटं नागपूरला पाठवता येतील का? आमच्याकडे कोलारच्या काठी लावून बघायचीत.

व्हाळकाठी | १५ ऑक्टोबर

नका नेऊ, तुमच्याच नदीकाठचा वाळुंज शोधा. कोलारच्या वरच्या अंगाला सापडेल. मेच्या शेवटच्या आठवड्यात कापा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि दोन दिवसांत मारा. आणि डोळे वर. सांगतोय, माझा एक उलटा गेलेला अजून तिथेच उभा आहे.